अ‍ॅप उघडलं की सगळं येतं, बंद असताना काहीच नाही: पुन्हापुन्हा उलटणाऱ्या बिघाडाचा माग कसा काढायचा

तक्रार बहुधा याच शब्दांत येते: "अ‍ॅप उघडलं की सगळं धडाधड येतं, पण बंद असताना काही म्हणता काही नाही." कधी मेसेज तासाभराने येतात, कधी फोटोंचा बॅकअप आठवडाभर त्याच आकड्यावर अडकलेला असतो, कधी पावलांची मोजणी दुपारीच थांबते. कुणीतरी दोन सेटिंग बदलून देतं, दोन-तीन दिवस सुरळीत चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. हे 'दोन-तीन दिवस सुरळीत' प्रकरण फार फसवं आहे. मी त्याला तीनदा फसलो.

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यात दिवसातून चारदा थेंब टाकायचे होते. तिच्या अँड्रॉइड फोनवर मी आठवण करून देणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. तीन दिवस वेळच्या वेळी वाजलं. चौथ्या दिवशी दुपारनंतर गप्प. मी फोन घेतला, बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड' (बॅटरी वापरायला बंधन नाही) केलं, अ‍ॅप उघडून पाच मिनिटांनंतरची आठवण लावली. वाजली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग ऑटोस्टार्ट, म्हणजे स्वतःहून सुरू व्हायची मुभा, चालू केलं, अ‍ॅप उघडून पाच मिनिटांची आठवण लावली, वाजली. पुन्हा दोन दिवस. तिसऱ्यांदा 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' ही परवानगी दिली आणि पुन्हा तीच पाच मिनिटांची परीक्षा. अर्थात पास.

चूक कुठे होती? सेटिंग बदलल्यावर मी प्रत्येक वेळी अ‍ॅप उघडत होतो आणि दुरुस्ती त्या उघडण्यानेच होत होती. असं अ‍ॅप सुरू झालं की आपले पुढचे सगळे अलार्म सिस्टिमकडे नव्याने नोंदवतं. श्रेय मात्र मी सेटिंगला देत बसलो.

म्हणून या बिघाडात पहिली गोष्ट: काम झालं नाही असं लक्षात आलं की अ‍ॅप उघडू नका. उघडलंत की पुरावा पुसला गेला. त्याऐवजी फोनच्या सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्सच्या यादीतून ते अ‍ॅप निवडा आणि त्याचं माहितीचं पान बघा. या पानामुळे अ‍ॅप सुरू होत नाही. तिथे 'फोर्स स्टॉप' हे बटण ठळक आहे की फिकं, एवढं आधी पाहा. बटण फिकं असेल, दाबता येत नसेल, तर ते अ‍ॅप 'थांबवलेल्या' अवस्थेत आहे. आत्याच्या फोनवर चौथ्या खेपेला मी हे पाहिलं. बटण फिकं होतं आणि ते कुणी दाबलेलं नव्हतं.

"आत्या, दुपारी फोनवर काय करतेस गं?"

"काय करणार? आडवं व्हायच्या आधी सगळं बंद करते. ते चौकोन येतात ना, खाली फुली असते, ती दाबते. रोज नाही, फोन गरम झाला की. तूच सांगितलं होतंस, बॅटरी टिकते म्हणून."

सांगितलं होतं खरं, काही वर्षांपूर्वी. तिच्या फोनवर ती फुली नुसती यादी साफ करत नव्हती. यादीतल्या अ‍ॅप्सना ती फोर्स स्टॉप करत होती आणि त्यासोबत थेंबांचे सगळे अलार्म जात होते.

'बंद' म्हणजे नेमकं काय

आपण एकच शब्द वापरतो, फोनला मात्र त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी दिसतात. अँड्रॉइडवर होमचं बटण दाबून बाहेर पडलात तर अ‍ॅप बंद झालेलंच नसतं. ते मेमरीत पडून राहतं, नव्या आवृत्त्यांमध्ये काही वेळाने गोठवलं जातं, म्हणजे मेमरीत असतं पण प्रोसेसरचा वेळ घेत नाही. मेमरी कमी पडली की सिस्टिम अशा पडून असलेल्यांपैकी काहींना काढून टाकते. हे रोजचंच आहे, त्यात बिघाड काही नाही. अ‍ॅपचे अलार्म, नियोजित कामं आणि बाहेरून येणारी सूचना सिस्टिमकडे नोंदलेली असते. वेळ आली की सिस्टिम अ‍ॅपला पुन्हा उठवते.

रीसेंट्सच्या, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या अ‍ॅप्सच्या, यादीतून अ‍ॅप वर किंवा बाजूला सरकवलं तर मूळ (कंपन्यांनी बदल न केलेल्या) अँड्रॉइडमध्येही जवळपास तसंच होतं. समोरचं काम मोडतं, प्रक्रिया जाऊ शकते, पण नोंदी टिकतात. फोर्स स्टॉपचं वजन मात्र वेगळं. त्यात अलार्म रद्द होतात, नियोजित कामं रद्द होतात, पुश (सर्व्हरने फोनकडे पाठवलेल्या) सूचना अ‍ॅपपर्यंत पोहोचत नाहीत आणि कुणीतरी ते अ‍ॅप मुद्दाम उघडेपर्यंत ही स्थिती तशीच राहते. अँड्रॉइड १५ मध्ये तर थांबवलेल्या अ‍ॅपची विजेटंही निकामी होतात. घोळ असा, की काही कंपन्यांच्या फोनवर सरकवणं किंवा 'सगळं साफ करा' हे बटण मागच्या दाराने फोर्स स्टॉपच करतं. कोणत्या फोनवर काय होतं हे वर सांगितलेल्या फिक्या बटणावरून दोन मिनिटांत कळतं: अ‍ॅप उघडा, सरकवा, माहितीचं पान पाहा.

आयफोनवर हिशोब उलटा. तिथे अ‍ॅपमधून बाहेर पडलात की ते थोड्याच वेळात 'सस्पेंड' होतं, मेमरीत असतं पण एक ओळही चालवत नाही. सिस्टिमने मेमरीसाठी ते काढून टाकलं तरी गरज पडल्यास पुन्हा उठवते. पण तुम्ही स्वतः ते वर सरकवून घालवलंत, तर आयओएस तो तुमचा स्पष्ट निर्णय मानते. मग बॅकग्राउंड रिफ्रेश (मागच्या मागे माहिती ताजी करणं) नाही, दिसणारी सूचना नसलेला मूक पुश नाही आणि मागे चालू असलेलं अपलोडही रद्द. दिसणारी सूचना मात्र येते, कारण ती दाखवण्याचं काम सिस्टिमचं असतं. म्हणूनच "सूचना येते, पण टॅप केल्यावर आतला मजकूर लोड व्हायला वेळ लागतो" अशी तक्रार आयफोनवर जास्त ऐकू येते.

हाताची हालचाल एकच, पण आयफोनवर ती कडक आणि मूळ अँड्रॉइडवर सौम्य. एका फोनवरून दुसऱ्यावर गेलेली माणसं सवय सोबत नेतात आणि मग नवा फोन बिघडका निघाला म्हणतात. बॅटरीचं म्हणाल, तर गोठलेलं अ‍ॅप जवळपास काहीच खात नाही. ते काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं उलट जास्त खातं. सरकवून टाकायचं ते अडकलेलं, प्रतिसाद न देणारं अ‍ॅप.

केव्हा सुटलं, ते नीट पाहा

अडकलेल्या गोष्टी कोणत्या क्षणी सुटल्या, या एका निरीक्षणावरून निम्मं निदान होतं.

स्क्रीन चालू करून लॉक उघडताच, अ‍ॅपला हात न लावता, सगळे मेसेज एकदम आले? मग अ‍ॅप धडधाकट आहे, फोन झोपला होता. अँड्रॉइड ६.० मध्ये, म्हणजे २०१५ साली, 'डोझ' आलं. फोन चार्जरला नाही, हलत नाही आणि स्क्रीन बंद आहे, असं बराच वेळ राहिलं की सिस्टिम अ‍ॅप्सचं इंटरनेट थांबवते, साधे अलार्म पुढे ढकलते, नियोजित कामं अडवून धरते आणि मधूनमधून एक छोटी खिडकी उघडून सगळ्यांना एकदम काम उरकू देते. या खिडक्या जसजशा वेळ जाईल तसतशा लांब लांब होत जातात. पुढच्याच आवृत्तीत खिशात हलत असलेल्या फोनसाठी याचा हलका प्रकारही आला. यातून पार होतो तो उच्च प्राधान्याचा पुश आणि घड्याळाच्या गजराच्या जातीचा अलार्म. मेसेज पाठवणाऱ्या सेवेने प्राधान्य साधं ठेवलं असेल, तर तुमच्या फोनवर कितीही सेटिंग बदला, फरक पडणार नाही. दोष पाठवणाऱ्याकडे आहे.

याच्याच जोडीची खूण: चार्जरला लावलेला असताना कधीच बिघडत नाही आणि रात्री टेबलावर नुसता ठेवला की बिघडतो. चार्जरवर डोझ लागत नाही. त्यामुळे चार्जिंगला लावून केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका.

लॉक उघडूनही काही आलं नाही, अ‍ॅप उघडल्यावरच आलं? मग संशय फोर्स स्टॉपवर, बॅटरीच्या वापरावर बंधन घालणाऱ्या 'रिस्ट्रिक्टेड' सेटिंगवर किंवा परवानगीवर. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत 'नाही' दाबलेलं असतं आणि नंतर कुणाला आठवत नाही. अचूक वेळेच्या अलार्मची परवानगीही अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना आपोआप मिळत नाही. ती नसेल तर आठवण येते, पण घसरत घसरत, नऊची सव्वानऊला.

फोन रीस्टार्ट झाल्यावर बिघडतं? रीस्टार्टनंतर अँड्रॉइडमधले सगळे अलार्म पुसले जातात. फोन सुरू झाल्याचा निरोप सिस्टिम अ‍ॅप्सना देते आणि तो मिळाल्यावर प्रत्येक अ‍ॅप आपले अलार्म पुन्हा लावतं. ऑटोस्टार्टची मुभा नसलेल्या फोनवर हा निरोपच अडतो. आणखी एक बारकावा: रीस्टार्टनंतर तुम्ही एकदा लॉक उघडेपर्यंत बहुतेक अ‍ॅप्सना आपली साठवलेली माहितीच वाचता येत नाही. काही फोनमध्ये ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय असते. ती पहाटे तीनला लावलेली असेल आणि सहाची आठवण चुकत असेल, तर कारण हेच.

कामाची जातही पाहा

पुश आणि अलार्मबद्दल वर आलंच. ठरावीक अंतराने होणारं काम, म्हणजे मेल तपासणं, हवामान ताजं करणं वगैरे, ही सगळ्यात लवचीक जात. अँड्रॉइडवर असं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावताच येत नाही, आणि तेही सिस्टिमच्या सवडीने. त्यातच २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅप्सची वापरानुसार टोपल्यांत वाटणी होते. रोज वापरता ते वरच्या टोपलीत, क्वचित उघडता ते 'रेअर' मध्ये. रेअर मधल्या अ‍ॅपचं नियोजित काम २४ तासांपर्यंत पुढे ढकललं जाऊ शकतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'स्टँडबाय अ‍ॅप्स' नावाच्या यादीत कोण कुठल्या टोपलीत आहे ते दिसतं. (बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे आहात तोवर 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' कुणी बदलून ठेवलं नाही ना, तेही बघून घ्या. फोन वेगवान करण्याच्या नादात लोक ते शून्यावर ठेवतात आणि विसरतात.)

अ‍ॅप महिनोन्महिने उघडलंच नसेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. अँड्रॉइड ११ पासून न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घेतल्या जातात, १२ पासून ते निद्रिस्तच केलं जातं. माहितीच्या पानावर यासाठी एक स्विच असतो, तो बंद करा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या आठवणींच्या अ‍ॅप्सना हा हमखास डसतो.

सतत चालणारं काम, जसं गाणी, रस्ता दाखवणं, पावलं किंवा धावण्याची नोंद, अँड्रॉइडवर एका कायम दिसणाऱ्या सूचनेच्या आधारावर जगतं. ती सूचना तुम्ही स्वतः न सरकवता मध्येच नाहीशी झाली असेल, तर काम त्याच क्षणी मेलं असं समजा आणि तेव्हा काय घडलं ते आठवा. अँड्रॉइड १३ मध्ये सूचनांच्या पडद्यात तळाशी 'चालू असलेल्या अ‍ॅप्स'ची यादी आणि शेजारी थांबवण्याचं बटण आलं. "हे कशाला चालू आहे" म्हणून लोक ते दाबतात. स्थानाच्या नोंदीत परवानगी 'अ‍ॅप वापरत असतानाच' अशी असेल तर कधी कधी घरापासून कोपऱ्यापर्यंतचीच रेघ दिसते, पुढे काही नाही.

मोठं अपलोड ही शेवटची जात. इथे अपेक्षा थोडी उतरवावी लागते. अँड्रॉइड १५ मध्ये माहिती समक्रमित करणाऱ्या सततच्या सेवेला २४ तासांत एकूण ६ तासांचीच मुभा आहे. हजारो फोटो पहिल्यांदा चढवायचे असतील तर फोन चार्जरला, वायफायवर आणि अ‍ॅप उघडं ठेवून एक रात्र काढा.

आयफोनवर काय तपासायचं

इथे कामं कमी आहेत, कारण तुमच्या हातात फारसं काही दिलेलंच नाही. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश: वरचा सगळ्यांसाठीचा पर्याय आणि खाली त्या अ‍ॅपचा स्विच, दोन्ही चालू हवेत. लो पॉवर मोड (बॅटरी वाचवण्याची सोय) लागला की रिफ्रेश थांबतो. हा मोड चार्जिंग ८० टक्क्यांवर गेल्यावर आपोआप सुटतो, त्यामुळे "सकाळी ठीक, संध्याकाळी बिघडलं" असा नमुना दिसला तर आधी बॅटरीचं चिन्ह पिवळं होतं का ते आठवा.

हे सगळं ठीक असलं तरी आयओएस वेळेची हमी देत नाही. रिफ्रेशसाठी अ‍ॅपला साधारण ३० सेकंद मिळतात आणि ते कधी द्यायचे हे तुम्ही ते अ‍ॅप केव्हा वापरता यावरून सिस्टिम ठरवते. जड कामासाठी २०१९ च्या आयओएस १३ पासून वेगळी सोय आहे, ती बहुधा फोन चार्जरला आणि निवांत असताना वापरली जाते. म्हणून आयफोनवर "दर पंधरा मिनिटांनी तपासा" असं लिहिलेला पर्याय कुठल्या अ‍ॅपमध्ये दिसला, तर त्याकडे इच्छा म्हणूनच बघा.

आता खरी चाचणी

पाच मिनिटांची परीक्षा विसरा. अ‍ॅप एकदा उघडा, किमान तीन-चार तासांनंतरची आठवण लावा. मग फोनधारक रोज जे करतो तेच करा. तो सरकवत असेल तर सरकवा, फुली दाबत असेल तर फुली दाबा. चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. वेळ टळली की आधी लॉक उघडून काही येतं का ते पाहा, मग फिकं बटण, सगळ्यात शेवटी अ‍ॅप. दुसऱ्या दिवशी हेच, पण न सरकवता. या दोन दिवसांत फरक दिसला तर सरकवणं दोषी. दोन्ही दिवशी चुकलं तर सेटिंग्जकडे वळा आणि एका वेळी एकच बदला. मी तीन खेपांना तीन बदल केले होते. त्यांतला कोणता लागू पडला हे मला आजही सांगता येणार नाही, बहुधा एकही नाही.

सेटिंग्जच्या जागा फोनगणिक वेगळ्या असतात. अ‍ॅपच्या पानावर बॅटरीत अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड आणि रिस्ट्रिक्टेड हे तीन पर्याय बहुतेक नव्या अँड्रॉइडवर सापडतात. आठवणीच्या अ‍ॅपला पहिला द्या, बाकी सगळ्यांना मधला पुरतो. सगळ्यांना अनरिस्ट्रिक्टेड केलंत तर संध्याकाळी फोन मान टाकेल आणि तुम्ही पुन्हा सगळं बंद करत बसाल. शाओमीच्या फोनवर ऑटोस्टार्ट वेगळं शोधावं लागतं, ओप्पो आणि रिअलमीवर ऑटो लाँच, सॅमसंगवर स्लीपिंग आणि डीप स्लीपिंग अ‍ॅप्सच्या याद्या. डीप स्लीपिंगमध्ये गेलेलं अ‍ॅप तुम्ही उघडल्याशिवाय चालत नाही. सिस्टिमचा मोठा अपडेट आल्यावर हे सगळं एकदा पुन्हा बघा.

आत्याची फुली मी सोडवली नाही, तिची सवय आहे. रीसेंट्सच्या यादीत अ‍ॅपवर बोट दाबून धरल्यावर कुलपाचं चिन्ह आलं, ते लावलं. कुलूप असलेल्या अ‍ॅपला तिच्या फोनवरची फुली सोडून देते. शिवाय फोनच्या मूळ घड्याळात चार गजर लावून दिले, कारण डोळ्याच्या बाबतीत एकाच दोरीवर लटकायचं नव्हतं. आठवणीचं अ‍ॅप निवडतानाही हे पाहण्यासारखं आहे: आठवण लावल्यावर वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह आलं, तर बहुतेक फोनवर त्याचा अर्थ अ‍ॅप गजराच्या जातीचा अलार्म वापरतं आहे. तो डोझलाही जुमानत नाही.

एवढं करूनही अ‍ॅप चुकतच असेल तर बनवणाऱ्याला कळवा, पण "चालत नाही" एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, चुकलं तेव्हा फोन चार्जरला होता का, फोर्स स्टॉपचं बटण फिकं होतं का, काम लॉक उघडल्यावर सुटलं की अ‍ॅप उघडल्यावर आणि मध्ये रीस्टार्ट झाला होता का, हे लिहा. अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपला स्वतःच्या मागच्या मृत्यूचं कारण सिस्टिमला विचारता येतं: मेमरी कमी पडली, वापरणाऱ्याने थांबवलं, की अ‍ॅपच कोसळलं. बनवणाऱ्याने ती नोंद ठेवली असेल, तर तुमच्या टिपणाशी ती ताडून पाहता येईल.